दुधाचा रकाना

अमिरातीतल्या अल ऐनच्या एका दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ आहे. समोर बसलेल्या जपानी बाईंची हाडं ठिसूळ व्हायला लागली होती आणि त्यांच्या पोटात रोज किती कॅल्शियम जातं, ते मला लिहायचं होतं. फॉर्मवर दूध, दही, लबान म्हणजे इथलं ताक, चीज एवढेच रकाने. बाई प्रत्येकाला नाही म्हणत गेल्या. मग हळूच म्हणाल्या, "छोटे सुके मासे खाते मी. रोज."

"ते प्रोटीनमध्ये धरतो," मी म्हणालो आणि पान उलटलं.

मी रत्नागिरीचा. सुकटीवर वाढलेला, डोक्याकाट्यांसकट चावून खाणारा; कॅल्शियम त्या काट्यांतच असतं. पण इथे आलो त्या वर्षी मी डबा उघडला तेव्हा सहकारी नाक दाबून हसले होते. तेव्हापासून दवाखान्यात सुक्या माशाचं नाव मी काढत नाही. दुसऱ्याच्या तोंडूनही मला ते नको होतं. मी 'कॅल्शियम अत्यल्प' असा शेरा मारला आणि माझ्या शिफारशीवरून डॉक्टरांनी गोळ्यांचा मोठा डोस सुरू केला.

चार महिन्यांनी बाईंना मूतखडा झाला. गोळ्यांमुळेच, असं छातीठोक सांगता येत नाही. पण डॉक्टरांना तोच संशय होता. निरोप आला, उद्या सकाळी आहाराची नोंद पुन्हा बघू.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "इथे जवळा दोनदा मागून घेता. दवाखान्यात गेलात की कॅल्शियम फक्त गोठ्यातच मिळतं होय?"

सकाळी लवकर पोचलो, जुना फॉर्म काढला. खाली बोटभर जागा रिकामी होती. 'इतर पदार्थ रुग्णाने सांगितले नाहीत' एवढं लिहिलं असतं की सुटलो असतो. पेनचं टोपण काढलंही.

तेवढ्यात बाई आल्या. कमरेवर हात, चेहरा ओढलेला. बसायच्या आधीच म्हणाल्या, "सर, चूक माझी. खड्यात कॅल्शियम असतं, मी वाचलं. मासे बंद केले. टोफू, तीळ, पालेभाजीसुद्धा. आता नुसता भात आणि सूप."

मी पेनला टोपण परत लावलं. आधीच ठिसूळ हाडं, आणि त्यांना धरून ठेवणारं जेवणच बाईंनी सोडलं होतं.

"मासे सोडू नका," मी म्हणालो. "ते तुम्हाला पुरत होते बहुतेक. गोळ्या मी जास्तीच्या लावल्या."

"पण मी सांगितलं होतं, सर."

"हो."

डॉक्टर दार ढकलून आत आले, फॉर्म उचलला. "यात माशांचा उल्लेखच नाही. बाईंनी सांगितलं नव्हतं का?"

बाईंनी मान खाली घातली. माझ्यासाठी खोटं बोलायची त्यांची तयारी मला दिसली आणि त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली.

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "मी लिहिलं नाही."