एक उणं तीस

दुसऱ्यांच्या चुकांवर आमच्या हेडमास्तरांइतकं जिवापाड प्रेम करणारा माणूस साऱ्या सातारा जिल्ह्यात झाला नसेल. सांगलीहून ते वडूजजवळच्या आमच्या शाळेत आले, तेव्हा मी तिथे तिसरी शिकवत होतो. पोरानं बरोबर उत्तर दिलं की यांचा चेहरा पडायचा, आणि चुकलं की हे खुर्ची पुढे ओढणार. "वा! कसं काढलंस, सांग बघू?" दर शनिवारी प्रत्येक वर्गाला ते वीस आकडे पाटीवर लिहायला सांगत आणि कोण कुठे चुकलं याच्या खुणा करून ठेवत. कुणाला किती गुण मिळाले, हे त्यांनी कधी विचारलं नाही. "बेरीज नको मास्तर, चूक कुठे बसलीय ते सांगा." लढाईचे दिवस, कागद मिळेना, म्हणून या खुणा लग्नपत्रिकांच्या पाठीवर असत. गावात लग्न निघालं की वधूवरांआधी यांना आनंद होई.

घरीही तेच. एकदा वहिनींच्या भाकऱ्यांची त्यांनी आठवडाभर नोंद ठेवली आणि मला जेवायला बसवून निकाल दिला, "अकरा भाकऱ्या कच्च्या राहिल्या, अकराही डाव्या कडेला. दोष तव्याचा आहे, हिचा नाही." वहिनी म्हणाल्या, "सोळा वर्षांत पहिल्यांदा माझी बाजू घेतलीत हो!" मी पोट धरून हसलो. पुढच्याच शनिवारी ते माझ्या वर्गात आले.

"मास्तर, चौतीस पोरांपैकी अठ्ठावीस जणांनी एकोणतीस हा आकडा ३९ असा लिहिलाय."

"पोरंच मठ्ठ," मी म्हणालो. मी वाईचा, ट्रेनिंगला पहिला आलेला. माझ्यात खोट कशी असेल?

"एकटं पोर चुकलं तर चूक त्याची. अठ्ठावीस जण एकाच खड्ड्यात पडले, तर खड्डा आपणच खणलाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. ते मात्र हटले नाहीत. रोज प्रार्थना झाली की माझ्या वर्गात हजर. तोच आकडा, त्याच अठ्ठावीस चुका. तिसऱ्या दिवशी त्यांनी न चुकणाऱ्या सहांची चौकशी सुरू केली. त्यांत निघाली शेवटच्या रांगेतली मेंढपाळाची मुलगी. तिला मी त्याच आठवड्यात नापासांच्या यादीत टाकलं होतं. चौथीत गेली नाही तर तिची शाळा बंद, असं तिच्या बापानं बजावलं होतं.

"तू बरोबर कसं लिहिलंस गं?"

ती पायाकडे बघत म्हणाली, "आमी मेंढरं मोजतो न्हवं, तवा तिसाला एक कमी आलं तर एक उणं तीस म्हंतो. हुडकून आणल्याबिगर तीस कशी व्हतील?"

दहा वर्षं मी एकोणतीस शिकवत होतो, पण त्यातलं 'उणं' मला कधी ऐकूच आलं नव्हतं. पोरांना 'तीस' ऐकू येई, म्हणून ती आधी तीन लिहीत, आणि मी छडी उगारी.

हेडमास्तरांनी माझ्या हातातला खडू काढून तिच्या हातात दिला. पुढचे पंधरा दिवस तिनं चिंचोक्यांची मेंढरं करून साऱ्या वर्गाला मोजायला लावली. अठ्ठाविसाचे अकरा झाले, अकराचे दोन. तिच्या स्वतःच्या चुकाही त्यांनी माझ्यापुढे मांडल्या. कळप लांब गेला की ती गैरहजर असे. त्या दिवसांत शिकवलेली हातच्याची वजाबाकी तेवढी तिला येत नव्हती. ती त्यांनी शाळा सुटल्यावर आठ दिवस बसवून शिकवली. यादीतलं नाव मात्र मी खोडलं नाही. शिकलेल्या माणसाचा हट्ट लय चिवट असतो.

मग एके दिवशी घोंगडं खांद्यावर टाकून तिचा बाप आला. "आवं मास्तर, पोर वर जाती का न्हाई? न्हाई म्हनला तर आजच न्हेतो. मेंढरं लय हायत."

मी हेडमास्तरांकडे पाहिलं. "वर्ग यांचा आहे," ते म्हणाले, "हेच सांगतील."

मी यादी काढली, नाव खोडलं आणि म्हणालो, "चौथीत गेली. चूक माझी होती." बाप "बरं" म्हणाला आणि निघून गेला.

पुढे हेडमास्तर सांगलीला परतले आणि तिथेच वारले. मला त्यांची फार आठवण येते. आधीच्या दहा वर्षांत मी किती पोरांना त्या यादीत टाकलं, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. आता मीच स्वतःला विचारतो. ती पोरं केव्हाच मेंढरांमागे, नांगरामागे निघून गेली, आणि त्यांना काय येत होतं हे मला ठाऊक नाही.