त्रिवेणीबाईंचं भांडार

जामबागेतल्या मुलींच्या कॉलेजात त्रिवेणी भालकीकर तेवीस वर्षं केमिस्ट्रीची लॅब सांभाळत होत्या. दोन हजार एक साली केमिस्ट्रीला जेमतेम अकरा मुली आल्या. बाकी सगळ्यांना कॉम्प्युटर हवा होता. कॉलेजनंही मग वीस कॉम्प्युटर घेऊन जिन्याजवळच्या खोलीत मांडले आणि प्रिन्सिपल भगवंतरावांनी त्रिवेणीबाईंना बोलावणं धाडलं.

"बाई, त्या खोलीची किल्ली आजपासून तुमच्याकडे."

"सर, मला त्यातलं ओ का ठो कळत नाही."

"तेवीस वर्षांत तुमची एक बाटली चुकीच्या कपाटात गेली नाही. मला तेवढं पुरे."

खोलीच्या कोपऱ्यात सर्व्हर होता. वीसही मशीनं त्याला जोडलेली, आणि सगळ्यांत मिळून इंटरनेटसाठी फोनची लाइन एकच. ती सर्व्हरनं सगळ्यांना वाटून द्यायची, असा बेत. पण मशीनं बसवायला आलेल्या इंजिनिअरनं त्यावर लिनक्स नावाची सिस्टिम टाकली, आणि तेवढ्यात त्याला बंगळूरची नोकरी लागली. लाइन वाटून देणारा प्रोग्रॅम टाकायचा राहिला तो राहिलाच.

त्रिवेणीबाई लिनक्सबरोबर आलेलं पुस्तक उघडून बसल्या. सीडीवरून तो प्रोग्रॅम टाकायला गेल्या तर मशीन म्हणे, आधी अमुक आण. अमुक शोधून टाकायला जावं तर तो तमुक मागे. कशाशी काय अडतंय ते त्या वहीत लिहीत गेल्या. तिसऱ्या दिवशी वहीत सतरा नावं होती आणि इंटरनेट एकाही मशीनवर नव्हतं. मुली दारातून डोकावून जात. "लॅबवाल्या आंटींना नाही जमायचं," असं एकीचं बोलणं त्यांच्या कानावर आलं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण लागलं मनाला.

चिक्कडपल्लीच्या घरी जेवताना त्यांनी ही रडकथा नवऱ्याला सांगितली. प्रभाकर वीज खात्यात स्टोअरकीपर होते. भाताचा घास हातातच ठेवून ते म्हणाले, "पण एकेक सामान तू कायको शोधत बसलीस? आमच्याकडे मोटरची मागणी आली की तिचे बोल्ट, वायर, फ्यूज, सगळं स्टोअरच काढून देतं. तुझ्या मशीनला स्टोअर नाही का?"

"असेल तर मला कुणी सांगितलं नाही बाई!"

"मग विचार ना जाऊन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुलतान बाजारात पुस्तकवाल्याला गाठलं आणि त्याच्या गठ्ठ्यातून लिनक्सच्याच दुसऱ्या एका प्रकाराचा तीन सीड्यांचा संच शोधून काढला. सोबतच्या पुस्तिकेत स्टोअरच वर्णिलं होतं. हजारो प्रोग्रॅम एका जागी, आणि कुणाला कोण लागतं याची यादी तयार. सर्व्हरवर जपण्यासारखं काही नव्हतंच. त्यांनी तो पुसला आणि हे नवं लिनक्स टाकलं. मग ‘ॲप्ट-गेट इन्स्टॉल’ लिहून पुढे प्रोग्रॅमचं नाव लिहिलं.

पडद्यावर उत्तर आलं: यासाठी आणखी सहा लागतील, आणू का? त्यांनी ‘वाय’ दाबलं. मशीननं दोन नंबरची सीडी मागितली, ती दिली. अक्षरं भराभर वर सरकत गेली आणि थांबली. मग पुस्तिका समोर धरून दुपारभर सेटिंग केलं, आणि संध्याकाळी पाचच्या आत वीसच्या वीस मशीनांवर इंटरनेट आलं. रांगत आलं, पण आलं. त्या दिवशी कॉलेज सुटल्याची घंटा झाली तरी एकही मुलगी उठेना.

पुढे आठवडाभरानं गंमतच झाली. डिस्क भरत चालली म्हणून त्या एक नको असलेला बारकासा प्रोग्रॅम काढायला गेल्या. मशीननं लांबलचक यादी दाखवली. एरवी बाटलीवरची चिठ्ठी दोनदा वाचणाऱ्या बाईंनी ती न वाचताच ‘वाय’ दाबलं. त्या बारक्यावर विसंबलेले चौदा प्रोग्रॅम त्याच्याबरोबर गेले, लाइन वाटणारासुद्धा. वीस मुलींनी एकदम माना वळवून पाहिलं.

त्या तडक भगवंतरावांकडे गेल्या. "सर, सगळं बंद पडलंय. चूक माझी आहे. यादी वाचली नाही."

"परत सुरू होईल?"

"करते. पण आज होईलच, असा शब्द देत नाही."

"बरं. चहा घेऊन मग लागा कामाला."

यादी पडद्यावर होतीच. ती उतरवून घेऊन त्यांनी एकेक नाव पुन्हा मागवलं. आता सगळं सेटिंग नव्यानं करावं लागणार, म्हणून त्या धास्तावल्या होत्या. पण मशीननं प्रोग्रॅम तेवढे काढले होते, सेटिंगच्या फायलींना हात लावला नव्हता. तासाभरात सगळं जिथल्या तिथे! त्या खुर्चीत मागे टेकून एकट्याच हसत बसल्या.

मग त्यांना चटकच लागली. एक मोठी डिस्क मागून घेऊन तिन्ही सीड्या त्यांनी तिच्यावर उतरवल्या. सुधारलेले प्रोग्रॅम दर शनिवारी सकाळी, ऑफिसला फोनसाठी लाइन लागायच्या आत, तिच्यावरून आणून त्यात भरू लागल्या. कशासाठी काय आणलं, ते वहीत. मुली त्याला रिपॉझिटरी म्हणत, त्या भांडार म्हणत. वर्षभरात दुसऱ्या कॉलेजांतली माणसं विचारत येऊ लागली.

सिकंदराबादच्या एका कॉलेजातल्या शांता मॅडम आल्या त्या टर्किश टॉवेलात गुंडाळलेली हार्ड डिस्क घेऊन. "भालकीकर मॅडम, सगळंच देता का हो? आमच्याकडे लाइन दर दहा मिनिटांनी तुटते."

"हौ, सगळंच घ्या. पण मशीनला काही काढायला सांगितलंत तर यादी पुरती वाचायची. मी एकदा पोळलेय."

डिस्क जोडून त्यांनी मशीनला सगळं भांडार तिच्यावर उतरवायचा हुकूम दिला. दीड तास तरी लागणार होता.

"इथं बसून पडद्याकडे काय बघायचं?" त्रिवेणीबाईंनी पर्स उचलली. "चला, सुलतान बाजारात चक्कर मारू. मला ब्लाउजपीस बघायचेत."

शांताबाई डिस्ककडे वळून बघत होत्या. "राहील ना ती नीट?"

"तिला कोण नेतंय!" म्हणत बाईंनी खोलीला कुलूप लावलं आणि दोघी जिना उतरल्या.