तरंगाचं लुगडं

आमच्या गावात देवी जे नेसायची, तेच बायका नेसायच्या. कोणी ठरवून दिलेलं नव्हतं, पण तसं होतं खरं.

दसऱ्याला आमच्याकडे तरंग निघतो. घाटावरच्या माणसाला तो ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. पुरुषाहून उंच असा लाकडी खांब, त्याला वरपासून खालपर्यंत लुगडी नेसवतात, निऱ्या घालून. देवी त्या दिवशी देवळातून बाहेर पडते ती त्या खांबातून. गडी तो खांब कमरेशी पेलतो, त्याच्या अंगात अवसार, म्हणजे देवीचं वारं, आला की खांब घुमतो आणि निऱ्या फुलतात. बाई गिरकी घेते आहे असंच वाटावं. बायका हात जोडायच्या, पण डोळे मिटायच्या नाहीत. काठ बघायच्या. मग दिवाळीच्या आसपास एकेक जण आमच्या ओट्यावर येऊन टेकायची आणि म्हणायची, "देवीक घातलात तसलोच काठ व्हयो हां."

कारण ते लुगडं आम्ही विणायचो.

गावात विणकराचं घर आमचं एकच. देवीचं लुगडं विणायचं आणि तरंगाला नेसवायचंही, हे दोन्ही मान आज्याच्या वेळेपासून आमचे. मी चौथीत असताना बाबांनी शाळा सोडवली आणि मागावर बसवलं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. शाळेत बसून जे आलं नसतं ते मला मागावर आलं, एवढं मी कोणापुढेही म्हणेन.

सूत मालवणच्या बाजारातून यायचं. त्याला तांदळाच्या पेजेची खळ आम्ही घरी द्यायचो. पावसाळ्यात खळ वाळता वाळत नाही, आंबते, सगळ्या घराला वास मारतो. आई नाकाला पदर लावून म्हणायची, "देवीक ह्यो वास येणा नाय तां बरां." बाबा हसायचे. पण देवीचं लुगडं मागावर असलं की हसणं बंद. सकाळी आंघोळ केल्याशिवाय धोट्याला हात लावायचे नाहीत, आणि एखादा धागा तुटून चुकीचा जोडला गेला तर चार बोटं विणलेलं उसवायचे. मी म्हणायचो, कोण बघतंय खांबावर एवढ्या उंच? ते म्हणायचे, "जिका नेसाचा आसा ती बघता."

नवं लुगडं चढलं की जुनं उतरायचं. त्याचे तुकडे गुरवाच्या घरी जायचे, आणि वर्षभरात गावात जेवढ्या बाया बाळंत व्हायच्या त्यांच्या घरी तिथून एकेक जायचा. वर्षभर देवळात राहून, धुतलं जाऊन ते कापड सायीसारखं मऊ झालेलं असायचं. गावात जन्मलेलं प्रत्येक माणूस पहिल्यांदा त्यातच गुंडाळलं गेलं, खोताचंही आणि आमचंही. पोर मोठं झालं की त्या कापडाची चिंधी व्हायची, चुलीवरचं भांडं उतरवायला. मग वात. मग राख. ती आई माडाच्या मुळाशी टाकायची. विणलेल्यातलं काही वाया गेलं असं मी तेव्हा पाहिलं नाही.

साठ सालाच्या मागेपुढे, मी पंचविशीत असताना, मुंबईहून आमच्या वाडीतला एक जण आला. मुंबईत कापडाच्या मोठ्या दुकानात होता. वाईट माणूस नव्हता. बाबांना काका म्हणायचा, लहानपणी आमच्या मागाखाली बसून सुताच्या गुंड्या पळवायचा. बायको दुखण्यातून उठली म्हणून त्याने देवीला साडी बोलली होती. पुठ्ठ्याच्या खोक्यातून त्याने ती काढली. नायलॉनची. गुलाबी, त्यावर निळी फुलं.

साडी ओट्यावर उलगडली तशी ती हातात राहीना, पाण्यासारखी सरकून खाली गेली. शेजारच्या बायका जमल्या. एकीने गालाला लावून बघितली. दुसरी म्हणाली, "गो बाय, ह्यां नेसला तर नेसलंय काय नाय ता कळूचाच नाय." सगळ्या हसल्या. आईने नुसतं बोट लावलं आणि बाबांकडे बघून मागे घेतलं.

मुंबईकर बाबांना म्हणाला, "काका, येचो रंग जायचो नाय. भिजला तरी घटकेत सुकता. धा वर्सां बघूक नको."

"आणि धा वर्सांनी?"

"तवा पण असाच रवतला."

"मगे जुना कधी होतला?"

"जुना होवचाच नाय, काका."

बायका पुन्हा हसल्या. बाबा हसले नाहीत. त्यांनी साडीचं टोक चिमटीत धरून उजेडाकडे केलं, विणकर बघतो तसं. धागा दिसत नव्हता. बाबांना एखाद्या कापडात धागा दिसला नाही, असं मी पहिल्यांदाच बघितलं.

साडी देवळात द्यायला कोणाची हरकत नव्हती. नवसाची लुगडी यायचीच, ती देवीच्या पायाशी ठेवत. पण मुंबईकराला ती दसऱ्याला तरंगावर चढवायची होती. आणि खरं सांगायचं तर गावालाही हवं होतं. शेजारच्या गावचा तरंग आमच्यापेक्षा उंच होता, तेव्हा आमचा निदान झळकावा, असं मानकऱ्यांच्या मनात. मानकरी म्हणजे गावातली ज्यांच्या शब्दाशिवाय देवळात पान हलत नाही ती घरं. त्यांनी देवळात बैठक घेतली. बाबांना वर बसवलं, मी मंडपाच्या खांबाला टेकून उभा.

थोरले मानकरी समजूतदार होते. ते बाबांना म्हणाले, "तुमचां लुगडां आत ऱ्हवांदे. वरसून ह्यां घालया. दोगांचोय मान ऱ्हवतलो."

बाबा म्हणाले, "आत आमचां? देवीक परकर शिवून देव काय मी?"

काही जण हसले. थोरले म्हणाले, "तसां न्हय रे. काळ बदलता."

"काळ बदलांदे. मी आजपासून नाय, माझ्या बापाशीपासून तिका नेसवतंय. आज तरंगार ह्यां चढला तर उद्या गावात कोण लुगडां नेसतली? तुमच्या घरातली नेसतली?"

 प्रत्येकाच्या घरातून आदल्या दिवशी ती साडी बघायला कोणी ना कोणी येऊन गेलं होतं.

मग बाबा म्हणाले, "माका तुमचो न्याय नको. तिका इचारा. कौल लावा."

थोरल्या मानकऱ्यांनी दोनदा म्हटलं, कौल नको, आपण माणसं आहोत, माणसांत मिटवू. एकदा कौल घेतला की मग बोलायला जागा उरत नाही. बाबांनी मान हलवली. बाबांचा हट्ट मला माहीत होता, माझ्यातही तोच आहे. मला त्या वेळी त्यांचा अभिमान वाटला.

गुरवाने देवीच्या दगडी अंगावर पाणी शिंपडून दोन बाजूंना फुलाच्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मग गाऱ्हाणं घातलं. "बाय माते, तुझ्या लेकरान बोललेली साडी तरंगार नेसूची तुझी मर्जी आसा तर उजवो कौल दी, नाय तर डावो दी. जां काय चुकला माकला आसात तां पदरात घे गो माये." गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा."

मी डाव्या पाकळीकडे बघत होतो. ती थोडी सुटलेली दिसत होती. आता पडते, मग पडते. समईला गुरवाने तेल घातलं, कोणी तरी खोकलं. बाबा माझ्यापुढेच हात जोडून उभे होते आणि त्यांचा चेहरा शांत होता, घरी उशिरा आलेल्या लेकीला विचारावं, जेवलीस का, तसा.

उजवी पडली. सरळ, जराही न अडखळता.

लोक कुजबुजले. गुरवाने बाबांकडे बघितलं नाही. बाबांनी जमिनीला डोकं टेकलं, उठले, आणि सगळ्यांच्या नंतर एकटेच म्हणाले, "व्हय म्हाराजा."

मला वाटलं होतं, आता नेसवायचा मानही ते सोडतील. मी सोडला असता. पण दसऱ्याच्या सकाळी ते आंघोळ करून देवळात गेले आणि खांबाला ती साडी नेसवायला लागले. मी खालून धरून होतो. सुती लुगड्याची निरी एकदा बोटांनी दाबली की बसते, ही बसेना. एक घातली की आधीची सुटायची. बाबा ओठ घट्ट मिटून पुन्हा घालायचे. शेवटी त्यांनी माझ्याकडून वाखाची बारीक दोरी मागितली आणि एकेक निरी आतल्या बाजूने बांधली, बाहेरून दिसणार नाही अशी. वेळ लागला, पण साडी अशी बसली की मुंबईकरच थक्क झाला. म्हणाला, "काका, दुकानात आमका असां जमणा नाय." बाबा म्हणाले, "तिचां माप माका म्हायत आसा."

तरंग बाहेर आला. उन्हात झळाळला. खोटं कशाला बोलू, दिसला छान. घुमताना निळी फुलं नुसती धावत होती. बायकांचे डोळे मी बघितले, आणि आमचं काय होणार ते मला तिथेच कळलं.

त्या दिवाळीला आमच्या ओट्यावर दोघी आल्या. पुढच्या वर्षी तरंगावर पुन्हा मुंबईचीच साडी चढली, आणि आमच्याकडे कोणीच आलं नाही. मुंबईला असलेल्या घोवांना, भावांना पत्रं गेली, पोस्टाने खोकी आली. ज्यांना नायलॉन परवडत नव्हतं त्या गिरणीची छापील पातळं घ्यायला लागल्या, पण लुगडं मागायला कोणी आलं नाही. देवीने टाकलेलं आम्ही कशाला नेसू, असं एकीने आईला विहिरीवर तोंडावर सांगितलं. तिला वाईट बोलायचं नव्हतं. तिला खरंच तसं वाटत होतं.

मुंबईकराने पुढल्या खेपेला आईलाही एक साडी आणली. आईने ती ट्रंकेत तळाशी ठेवली. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात मात्र ती नेसली. सगळ्या नेसल्या होत्या, ती एकटी लुगड्यात कशी जाणार? ओटीवर येऊन उभी राहिली, मान खाली. बाबांनी बघितलं आणि म्हणाले, "बरी दिसतंस." दुसरं काही नाही. आईने ती पुन्हा कधी नेसली नाही, पण लुगडंही बाबांकडे नवीन मागितलं नाही.

माग दोन वर्षं नुसता उभा राहिला. मग बाबांनी तो उतरवला. लाकूड चांगलं होतं, गोठ्याला लागलं. मी चिऱ्याच्या खाणीवर जायला लागलो आणि बाबा एका व्यापाऱ्याकडे नारळ सोलायला. सुळ्यावर नारळ मारून सालं काढायची. सूत हाताळणाऱ्या बोटांना ते काम कसं जमणार? पहिल्या महिन्यात दोन्ही तळवे फाटले.

त्याच सुमारास मला मुलगी झाली. सासू रिवाजाप्रमाणे गुरवाकडे कापडाचा तुकडा मागायला गेली. त्याच्याकडचं शेवटचं लुगडं केव्हाच संपलं होतं. त्याने पेटी उघडून दाखवली. दोन-तीन दसऱ्यांच्या साड्या आत पडलेल्या, पहिली अगदी तशीच गुलाबी. घडीवर घडी. फाडली तर कामाची नाही, पाणी शोषत नाही, उंदीरसुद्धा तिला शिवलेला नव्हता. तरी रिवाज मोडू नये म्हणून गुरवाने त्यातला पट्टा कापून दिला. पोर त्यात घामेजलं, मांड्यांना लाल पुरळ उठलं, रात्रंदिवस रडलं. शेवटी आईने आपलं नेसतं लुगडं मधोमध फाडलं आणि नात त्यात गुंडाळली. बाबा दारात उभे होते. फाडण्याचा आवाज ऐकून आत बघितलं आणि बाहेर गेले.

आता हल्ली पेपरात, टीव्हीवर सांगतात की हे कापड कुजत नाही, समुद्रात जातं, माशांच्या पोटात जातं. आमच्या किनाऱ्यावर जाळ्यात माशांबरोबर चिंध्या येतात, त्या मी बघतो. रंग न गेलेल्या. शिकलेली माणसं येऊन आम्हाला सुती वापरा म्हणून समजावतात, तेव्हा मी उठून घरी येतो. मला समजवायची कोणाला गरज नाही.

बाबा गेले त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मी त्यांना एकदाच विचारलं. आम्ही दोघं दुपारच्या सावलीत बसलो होतो, ते हाताला खोबरेल लावत होते. मी म्हटलं, "बाबा, थोरले सांगी होते तां ऐकलां आसता तर? आत ऱ्हवला आसता आमचां. वर्साक एक तरी विणलां आसता."

"एका लुगड्यार माग चलता?"

"चललो नसतो. पण उतरवक तरी लागलो नसतो. कौल मागलात कित्याक?"

त्यांनी तळवे एकमेकांवर चोळले. मग म्हणाले, "तिच्या अंगाक काय बरां लागता तां माझ्यापेक्षा कोणाक म्हायत? माका वाटला, ती नाय म्हणतली."

 देवी चुकली असं बाबांच्या समोर म्हणायची माझी छाती नव्हती. आणि बाबा चुकले, असं मी आजही म्हणणार नाही.