रुळांखालचा बोगदा

नदीचं पाणी कुठवर चढेल हे आधीच सांगणं, हे माझ्या वहिनीचं काम. नगरपालिकेच्या मागच्या खोलीत, फायलींच्या कपाटाला पाठ लावून ती बसते. तिच्या संगणकात नकाशांचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. जगभरातले लोक ते वापरतात, सुधारतात आणि कुणी पैसे मागत नाही, म्हणून साहेबांना ते मनापासून आवडतं. विमानातून मोजलेली जमिनीची उंची त्यात भरायची, नदीत खोटं पाणी सोडायचं आणि कोणती गल्ली निळी होते ते बघायचं. आई म्हणायची, "हिला रंग भरायचा पगार मिळतो."

त्या दिवशी धरणाचे दरवाजे उघडायचं ठरलं. वहिनीच्या नकाशात आमची अख्खी आळी निळी, आणि रेल्वेच्या भरावापलीकडची शाळा कोरडी ठणठणीत. म्हणून दुपारी आम्हा सगळ्यांना तिकडे हलवलं. आईला सतरंजीवर टेकवून मी वहिनीला फोन लावला.

"पोचलो गं. आईचे गुडघे दुखत होते, म्हणून फाटकाचा वळसा घातलाच नाही. सरळ बोगद्यातून आलो."



"कुठला बोगदा?"

"रुळांखालचा, पायवाटेचा. का गं?"

विमानातून फक्त भराव दिसतो, त्याच्या पोटातलं भोक दिसत नाही. नकाशात त्या भरावाची भिंत झाली होती, आणि त्या भिंतीच्या भरवशावर आम्ही पोराबाळांसकट तिथे बसलो होतो. फोन तसाच चालू ठेवून वहिनी की-बोर्ड बडवत होती. भरावाला बोगद्याएवढी खाच पाडून तिने पुन्हा पाणी सोडलं. मग तिचा आवाज आला, "साहेब, शाळा बुडतेय."

साहेब भडकले. "सकाळी तुम्हीच कोरडी म्हणालात! आता पुन्हा हलवलं तर लोक तोंडात शेण घालतील."

"माझ्या घालू देत. चूक माझी आहे. आधी माणसं काढा."

साहेब वरच्या साहेबांना विचारायला गेले. दुसरं काय करणार? वहिनी मला म्हणाली, "त्यांची वाट बघू नकोस. टेकावरच्या वाचनालयात जा सगळ्यांना घेऊन. आत्ता."

सांगणं सोपं. एकदा घरातून उठवलेली माणसं पुन्हा हलतात होय? जो तो माझ्यावरच खेकसला. शेवटी आई भिंतीला धरून उभी राहिली.

"माझी सून स्वतःच्या तोंडाने सांगतेय, माझं चुकलं म्हणून. तुमच्यात कुणी सांगितलंय का कधी? उठा मुकाट्याने!"

आयुष्यात पहिल्यांदा तिने सुनेची बाजू घेतली, तीही चारचौघांत.

वाचनालयाच्या पायऱ्या चढून मी मागे पाहिलं. बोगद्यातून पाणी मुसंडी मारून येत होतं. आधी शाळेचं पटांगण गेलं, मग दार, मग खिडक्यांचे गज. आम्ही बसलो होतो ती सतरंजी आतच राहिली होती. मी फोन कानाला लावला.

"आई कुठे आहेत?"

"इथेच, माझ्याशेजारी. सगळे वर आलेत."

त्यावर वहिनी हुंदके देऊन रडायला लागली. "मीच पाठवलं होतं तुम्हाला," एवढंच परत परत म्हणत होती. मलाही रडू फुटलं. आईने माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"रडतेस काय? असे आणखी बोगदे असतील ना गावात? तिथेही कुणाच्या तरी सासवा बसल्या असतील. नकाशा उघड आधी."