मामाचे हात आणि हिवाळ्याची गाडी

गॅरेजात त्याला सगळेच मामा म्हणायचे. खरं तर तो एकट्याचाच मामा, मालकाच्या पोराचा. पण पोराचं ऐकून ड्रायव्हर म्हणू लागले, गिऱ्हाइकं म्हणू लागली, आणि शेवटी खुद्द मालक, म्हणजे त्याच्या ताईचा नवरा, तोही मामाच म्हणायला लागला. गॅरेजच्या माळ्यावर मामाची खाट होती आणि ताईच्या स्वयंपाकघरात ताट. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं की म्हणायचा, "चार चाकं सांभाळताना जीव जातोय, त्यात आणखी दोन पायांची भर कशाला?"

मामाचा सगळा रुबाब हिवाळ्याचा. उन्हाळ्यात कोणीही हाक मारावी आणि त्याच्याकडून पंक्चर काढून घ्यावं. पण डोंगरावर बर्फ धरायला लागलं की तोच मामा मालकाला म्हणायचा, "दाजी, जरा बाजूला व्हा." आणि दाजी व्हायचे. वर माथ्यावर सिग्नलचा टॉवर होता, टॉवरवर पहारेकरी होते, आणि बर्फातून त्यांचं रेशन, डिझेल नेणारी चारही चाकं ओढणारी जीप एकट्या या गॅरेजकडं होती. तिचा नियम मामानंच घालून दिलेला: हिवाळ्यासाठी गाडी जो बांधील, तोच ती वर नेईल. आपण आवळलेल्या नटावर आपलाच जीव टांगायचा, म्हणजे हात आळस करत नाही. दरवर्षी बांधायचा मामा, न्यायचाही मामाच.

जीभ मात्र कानशीसारखी. भाच्याला मिशी फुटून ती जुनी झाली तरी हा त्याला चारचौघांत 'कापूस' म्हणायचा, कारण भाचा हातमोजे घालून काम करायचा. "मोजे घालून नट आवळतोस? पोरी बघायला जातानाही घालून जा. हाताला कळायला नको, समोर काय आहे ते?" ड्रायव्हर खिदळायचे. भाचा मान खाली घालून पाने पुसत राहायचा.

गेल्या वर्षभरात मात्र मामाच्या हाताला काही कळत नव्हतं. रक्तातल्या साखरेनं आधी बोटांची टोकं खाल्ली, मग पेरं, मग तळवा. हात दिसायचा, हलायचा, पण आपला वाटायचा नाही. कोणीतरी मनगटाला बांधून दिल्यासारखा. मामानं कोणाला पत्ता लागू दिला नाही. नट कुठवर बसला ते डोळ्यानं बघायचा, गिअर पडला का ते कानानं ऐकायचा. आणि मोजे तर आता मेला तरी घातले नसते. घातले असते तर लोकांनी विचारलं असतं, मामा, तुम्ही आणि मोजे?

गाडी बांधायचा दिवस आला. अंगणात ड्रायव्हर शेगडीभोवती कोंडाळं करून बसले होते. मामानं रेडिएटरचं पाणी सोडून न गोठणारं कूलंट भरलं. बॅटरीची टोकं घासली. चाकं उतरवून, सांध्यांत ग्रीस भरून पुन्हा चढवली. टायरवर चढवायच्या साखळ्या जमिनीवर पसरून एकेक कडी तपासली. राहिला होता फक्त पुढचा हुक, गाडी रुतली तर ओढून काढायचा. मामा बंपरपुढं उकिडवा बसला आणि मागं न बघता हात पसरून ओरडला, "कापूस, मोठा पाना आण!"

पाना दाजींनी आणून दिला. त्यांनी हातांत मोजे चढवलेले होते.

मामानं पाना घेतला, बोल्टला लावला, अंग टाकलं. एक आटा बसला. दुसरा बसला. ड्रायव्हरांची बडबड थांबली. मामाला वाटलं, आपलं काम बघतायत. त्यानं आणखी जोर लावला. मग त्याचं नाक आकसलं.

"काय जळतंय रे? वायरिंग बघा कोणीतरी!"

कोणी हललं नाही. सगळे एकाच ठिकाणी बघत होते. मामानंही तिकडं बघितलं. त्याच्याच मुठीतून धूर निघत होता.

"मामा, हात शिजला की!" एक ड्रायव्हर म्हणाला आणि एकटाच हसला.

पाना सोडवायला डाव्या हातानं ओढावा लागला. तळव्याची कातडी पान्यालाच राहिली. मामानं आधी पाना नीट खाली ठेवला.

"शेगडीवर तापवला होता," दाजी शांतपणे म्हणाले. "हात कधीपासून गेलेत?"

"कुठं गेलेत? थंडीनं जरा..."

"मामा."

मामानं हात मागं घेतला. मग एकदम उसळला. "खोला सगळं! मी आवळलेला एकेक नट खोला! एक जरी ढिला निघाला तर माझं तोंड बघू नका!"

दाजी बहुधा याचीच वाट बघत होते. त्यांनी भाच्याला खूण केली. भाच्यानं चाकांपासून सुरुवात केली. पहिलाच नट हलेना. पान्याला लांब नळी लावून तो तिच्यावर लोंबकळला, तेव्हा कुठं सुटला. दुसरा तसाच, तिसरा तसाच. बॅटरी बघितली, सांधे बघितले, हुक बघितला. काही म्हणजे काही ढिलं निघालं नाही. जे जे खोललं ते ते भाच्यानं पुन्हा आवळलं.

"बघितलंत?" मामाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "बघितलंत ना दाजी?"

"बघितलं. चोख काम."

"मग?"

"मग काय? आता सगळं पोरानं आवळलंय. ज्यानं बांधली तो नेणार. नियम तुझाच."

आपणच ओरडून आपली गाडी पोराच्या हवाली केली, हे मामाला तेव्हा उमगलं.

"तुम्हाला सांगितलं कोणी हाताचं?"

दाजींनी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. दारात ताई उभी होती, मलमाची डबी घेऊन. डबी आधीच काढून ठेवलेली.

"उकळतं पातेलं फडक्याशिवाय उतरवून ठेवलंस परवा," ती त्याचा हात ओढून मलम थापत म्हणाली. "मी काय आंधळी आहे?"

"मला विचारायचं होतंस, ताई."

"खोटं बोलला असतास. आणि माझ्या पोरानं काय जन्मभर तुझे पाने पुसायचे? जमेल तिथं त्याला कापूस कापूस केलंस. पोरगा शहरात निघाला होता, ठाऊक आहे तुला?" तिनं पट्टी करकचून बांधली. सवयीनं विचारलं, "दुखतंय?" आणि लगेच म्हणाली, "अरे हो. तुला कुठलं दुखायला."

सामान चढलं. भाचा स्टेअरिंगवर बसला, दाजी शेजारी. एंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. पण मागची बाजू हलकी वाटत होती, बर्फावर ढुंगण फिरवील म्हणून दाजींनी वाळूची पोती टाकायला सांगितली. दोन टाकली.

"अजून एक हवं," एक ड्रायव्हर म्हणाला.

"पोती संपली."

भाच्यानं काच खाली केली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "मामाला बसवा की. वजनाला होईल."

अंगण हसलं. दाजी हसले. ताईनं पदर तोंडाला लावला, पण खांदे हलताना दिसले. सगळे मामाकडं बघत होते, आता हा काय शिवी हासडतो म्हणून.

मामानं डोंगराकडं पाहिलं. वर सगळं पांढरं झालं होतं. पट्टी बांधलेला हात पोटाशी धरून तो गाडीच्या मागं गेला, कोपरानं फळीचा आधार घेतला, एकदा घसरला, पुन्हा चढला आणि दोन पोत्यांच्या मधे बसला.

हसणं हळूहळू विरलं. ताई पुढं आली आणि तिनं मागची फळी लावली.

"जरा मधोमध सरक," ती म्हणाली. "गाडी कलेल."

मामा सरकला.