उजव्या हाताचा डिपर

सत्याऐंशी साली मी जामनेरच्या शाळेत मास्तर होतो आणि घर होतं पहूरला. सकाळी एसटीनं जायचो, पण संध्याकाळी हिलालभाऊच्या जीपशिवाय इलाज नसायचा. ही जीप दहा माणसांची. हिलालभाऊ अठरा भरल्याशिवाय किल्ली फिरवत नसे. मला मात्र तो मानानं पुढे, आपल्या शेजारी बसवायचा. तो मान म्हणजे गियरचा दांडा दोन गुडघ्यांत धरून बसायचं. तिसरा गियर पडला की मी ओरडायचो आणि मागची मंडळी हसायची.

हिलालभाऊ गाडी अनवाणी चालवायचा. गाडी म्हणजे लक्ष्मी, चप्पल सीटखाली. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली त्याला जाड घट्टा पडला होता, तो डिपरचा. जुन्या जीपला डिपर पायाशी असायचा. क्लचच्या डावीकडे फळीवर लोखंडी गुंडी, ती दाबली की समोरचा झोत खाली, पुन्हा दाबली की वर. समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून ती सोय. पण आमच्या रस्त्यावर तिचा वेगळाच उपयोग होई. तिथले ड्रायव्हर डिपरनं एकमेकांना राम राम करत. त्यालाही रीत होती. वयानं लहान असेल त्यानं आधी झोत खाली घ्यायचा, मग मोठ्यानं. दुरून नुसत्या दिव्यांवरून गाडी कोणाची हे ओळखायचं आणि त्याचं वय आठवायचं. चुकलं तर दुसऱ्या दिवशी स्टँडवर ऐकून घ्यावं लागे.

हिलालभाऊचा थोरला भाऊ तोताराम बोदवडला राहायचा. त्याचीही जीप, बोदवड ते पहूर. रोज दिवेलागणीला आम्ही पहूरकडे निघालो की तो समोरून परत येताना भेटायचा, बहुधा निंबाच्या मळ्याजवळच्या वळणावर. हिलालभाऊ लांबूनच सावरून बसायचा. "दादा आला," म्हणायचा, आणि गुंडी दाबायचा. समोरचा झोत खाली आला की त्याचा चेहरा असा खुलायचा, जणू वर्षानं भेट झाली.

हे सगळं बिघडलं मंदाच्या सुपारीत, म्हणजे साखरपुड्यात. मंदा ही तोतारामची एकुलती एक मुलगी. हिलालभाऊला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे अर्धी मंदा त्याची होती. तिची पाठवणी आपल्याच जीपमधून होणार, हे ती पाच वर्षांची असल्यापासून तो सांगत आला होता. मुलगा यावलचा, केळीवाल्यांचा. पंगतीत मुलाचे वडील रतिलालशेठ बसले होते. हिलालभाऊनं ताटावरून फुशारकी मारली, "एक दिवस खाडा नही शेठ. दादाले आधी राम राम मी करतो, डिपरनं."

रतिलालशेठनं नुकतीच नवी मोटार घेतली होती. त्यांनी विचारलं, "आमच्या गाडीत डिपर स्टिअरिंगजवळच्या दांडीला असतो. तुमच्यात कुठे?"

"पायाशी."

"म्हणजे मोठ्या भावाला तुम्ही रोज लाथ मारता की!"

पंगत खो खो हसली. तोताराम हसला नाही. व्याह्यासमोर, भर पंगतीत, आणि तेही गरम वरण वाढलेलं असताना! तो तसाच हात धुऊन उठला. जाताना हिलालभाऊला एवढंच म्हणाला, "उद्यापासून माह्यासमोर दिवा हलवू नको. मंदीची गाडी मी दुसरी पाहतो."

मला विचाराल तर तोताराम मूर्ख होता. त्याचा स्वतःचा डिपरही पायाशीच होता. हे मी हिलालभाऊला सांगितलं तर तो माझ्यावरच उखडला. "मास्तर, मोठ्यानं पाय लावला त तो आशीर्वाद असते. लहान्यानं लावला त लाथ."

दुसऱ्या दिवसापासून तोताराम वळणावर आला की पूर्ण झोत आमच्या डोळ्यांत घालून निघून जाऊ लागला. हिलालभाऊच्या बायकोचं, कुंदाबाईचं, म्हणणं सरळ होतं. "बोदवडले जा अन् तोंडानं बोला. तोंड कायले दिलं हाये देवानं?" पण मोठा बोलल्याशिवाय लहान्यानं कसं बोलायचं, हे हिलालभाऊचं उत्तर. लग्न दीड महिन्यावर आलं होतं. हिलालभाऊ जेवेना. मागे अठराच्या ऐवजी बारा माणसं बसली तरी गाडी सोडू लागला, यावरून त्याची अवस्था ओळखा.

मग एका रविवारी तो जीप घेऊन पंडितकडे गेला. पंडित हा धुळ्याकडचा वायरमन, पहूरच्या फाट्यावर त्याचं दुकान. हिलालभाऊ म्हणाला, "डिपर वर घे. हाताशी."

पंडितनं डॅशबोर्डवर गियरच्या बाजूला जागा दाखवली. डावा हात तिथेच असतो, सोपं पडेल.

"डाव्या हातानं कोणी राम राम करते का? उजव्या हाताशी दे."

"भाऊ," पंडित म्हणाला, "दिवाले काय माहीत हात शे का पाय शे? उजाये तं बठ्ठा सारखाच."

पण उजेड सगळा सारखाच असतो, हे हिलालभाऊला पटलं नाही. बटन पार उजवीकडे, दाराजवळ बसलं. सोमवारी संध्याकाळी वळण आलं, तोतारामचे दिवे दिसले, हिलालभाऊ सावरून बसला आणि त्यानं उजवा हात सोडला. डावा हात होता गियरवर. स्टिअरिंग रामभरोसे! जीप अशी भेलकांडली की वांगी विकून परतणाऱ्या ताईबाईची पाटी माझ्या डोक्यावर पालथी झाली. शिल्लक भरताची वांगी माझ्या मांडीवर, मागे आरडाओरडा, आणि समोरून तोताराम पूर्ण झोत टाकून सरळ निघून गेला.

असं रोज. वळण आलं की बायका आधीच पाट्या पोटाशी धरत. मी गियरचा दांडा सोडून दाराचा गज धरायला शिकलो. एकदा वैतागून म्हणालो, "अरे बाबा, समोरून दिवाच दिसतो. हातानं केला का पायानं, त्याला कसं कळणार? कोणाला तरी सांगून पाठव."

हा विचार हिलालभाऊच्या डोक्यातच आला नव्हता. मग म्हणाला, "सांगून पाठवलं त तो राम राम नही राह्यला, मास्तर. ती दवंडी झाली." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात सोडला. मला त्याचा राग येत होता आणि त्याच्यासाठी वाईटही वाटत होतं.

दवंडी मात्र दुसरीच पिटली गेली. हिलाल दारू प्यायला लागला, निंबाच्या मळ्याजवळ रोज त्याची गाडी झोकांड्या खाते, असं जामनेरच्या स्टँडवर सुरू झालं. माझ्या हेडमास्तरांनीही मला बाजूला घेऊन एसटीनं येण्याचा सल्ला दिला. ही बातमी बोदवडपर्यंत गेली नसती तरच नवल.

लग्नाला आठ दिवस उरले होते. त्या संध्याकाळी वळणावर समोरचे दिवे दिसले. ताईबाई म्हणाली, "धरा वं बायांनो." हिलालभाऊनं हात सोडला, आमची जीप भेलकांडली. आणि समोरचा झोत खाली आला. मी बघतोय तोवर समोरची जीपही भेलकांडली. नुसती भेलकांडली नाही, रस्ता सोडून कडेच्या बाभळीपर्यंत गेली आणि तिथून वळून आमच्याच अंगावर आली. दोघांनी करकचून ब्रेक मारले. दोन्ही जीप समोरासमोर, मधे हातभर अंतर, आणि दोन्हीकडचे मिळून चाळीसेक लोक देवाचं नाव घेतायत.

तोताराम उतरला. त्याला घाम फुटला होता.

"मरशीन ना रे!" तो ओरडला. "उजव्या हाताशी बटन? कोणत्या गाढवानं सांगितलं तुले?"

"तुह्यंही तिथंच दिसते," हिलालभाऊ म्हणाला.

लोक म्हणत होते भाऊ पितो. पण ज्यानं जन्मात थेंब घेतला नाही तो एकाच वळणावर, एकाच वेळी कसा झिंगतो, हे तोतारामला कळेना, म्हणून तो त्या दुपारी पंडितकडे चौकशीला गेला होता. पंडितनं सगळं सांगितलं. तेव्हा तो तिथेच उभा राहिला आणि म्हणाला, माझ्याही गाडीला तिथंच बसव.

हिलालभाऊ खाली वाकला, भावाच्या पायाला हात लावला. तोतारामनं त्याला दंडाला धरून उठवलं. "मंदी तुह्याच गाडीत जाईन. पण ते बटन आधी खाली घे. पोरीले सासरी पोचवायचं हाये, बाभळीवर नही." दोन्ही जीपमधले लोक हसले, ताईबाईनं पदरानं डोळे पुसले आणि मग दोघांनाही सणसणीत शिव्या घातल्या.

पाठवणी दिवस मावळताना झाली. हिलालभाऊच्या जीपला केळीचे खांब बांधले होते. मंदा पुढे बसली, माझ्या नेहमीच्या जागेवर, आणि त्या दिवशी मला त्या जागेचा हेवा वाटला. रतिलालशेठची नवी मोटार मागे. बोदवडच्या वेशीपर्यंत तोताराम चालत आला आणि रस्त्याच्या कडेला एकटा उभा राहिला. सकाळपासून त्यानं कोणाला डोळे दिसू दिले नव्हते. हिलालभाऊनं जीप थोडी वळवली, झोत भावावर पडला. मग अनवाणी अंगठ्यानं गुंडी दाबली. उजेड तोतारामच्या तोंडावरून पायांवर आला, पुन्हा वर गेला, पुन्हा पायांवर आला.

तोतारामच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता.

"पोचली लाथ," तो म्हणाला. "जाय आता. हळू ने तिले."