तेकबेर मतान्झासला निघाली तेव्हा

वाळवंटातल्या आमच्या निर्वासित छावणीत समुद्र पाहिलेली माणसे थोडी होती. काही म्हाताऱ्यांनी युद्धात तो मागे सोडला होता, आणि माझ्यासारख्या काहींनी क्यूबात शिकताना पाहिला होता. तेकबेर तंबूत जन्मली आणि वाळूतच वाढली. मी तिला शाळेत स्पॅनिश शिकवले. मतान्झास या क्यूबातल्या किनाऱ्यावरच्या शहरात डॉक्टरकीसाठी तिची निवड झाली, तेव्हा तिचे लग्न होऊन काही महिनेच झाले होते.

अर्ज करायला लावला होता तिच्या नवऱ्याने, हमुदीने. त्याला आई, बाप, भावंडे कोणी नव्हते. दुसऱ्यांच्या उंटावरून तो लहानपणी छावणीत आला होता.

"सर, तिथे कपडे वाळतात तरी का?" तेकबेर मला विचारी.

"वाळतात. पण अंगावर मीठ राहतं."

"बरंच झालं," हमुदी म्हणे. "बाही पिळली की कालवण तयार!"

विमानाला थोडे दिवस उरले असताना हमुदी चुकलेले उंट शोधायला शत्रूच्या सैन्याने वाळूत उभारलेल्या भिंतीच्या बाजूला गेला. तिथे पेरलेल्या सुरुंगाने तो गेला. सोबत्यांनी त्याला तिथेच पुरले आणि बातमी प्रथम तेकबेरच्या आईला, लेहदियाला सांगितली. तेकबेर तेव्हा मैत्रिणीकडे हातांवर मेंदी काढून घेत होती.

नवरा गेलेली बाई इद्दत, म्हणजे शोकाची मुदत, पुरी होईपर्यंत तंबू सोडत नाही, आणि ही इद्दत चार महिन्यांहून मोठी. विमान मात्र वर्षातून एकदाच. लेहदिया त्या संध्याकाळी तंबूतंबूतून फिरली. "पोरगी विमानात बसेपर्यंत गप्प राहा. तिला कळलंच नाही, तर ती इद्दतीला बसेल कशाला? मग आपण सगळ्या मिळून रडू." कोणीच नाही म्हटले नाही. शेजारची फटकळ गालियासुद्धा मान डोलावून गप्प राहिली. हमुदी अजून उंटांच्या मागेच असेल, असे तेकबेर समजून होती.

निघायच्या सकाळी बायका निरोपाला आल्या; तिला विमानतळाच्या ट्रकपर्यंत पोहोचवायला मीही आलो होतो. आमच्याकडे सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारल्याखेरीज बोलणे सुरूच होत नाही. गालियाने सुरुवात केली. तू कशी, आई कशी, झोप लागली का, तंबूला वाऱ्याने काही केलं नाही ना, लंगड्या शेळीचा पाय कसा आहे? प्रत्येक प्रश्नाला तेकबेर "देवाची कृपा" म्हणत गेली. दुसरीनेही तेच विचारले, तिसरीनेही. मेलेल्या माणसाचे नाव घेऊन "सुखरूप आहे ना?" असे विचारायला एकीचीही जीभ वळली नाही.

तेकबेर थांबली. "मावशी, हमुदीचं राहिलं."

गालियाने पदर तोंडावर ओढला. "उशीर होतोय गं. ट्रक आलाय."

"शेळीच्या पायाचंसुद्धा विचारलंस. त्याचं विचार ना."

गालिया सामान उचलायला वळली. तेकबेरने आईकडे पाहिले, आणि लेहदियाने तिला जवळ बसवले. मग तिने सगळे सांगितले.

"तू जा," ती म्हणाली. "माझी शपथ आहे. कुणी एक शब्द काढणार नाही."

"कुणी शब्द काढला नाही म्हणूनच मला कळलं, आई."

"अगं, पुढच्या वर्षी जागा मिळेलच असं नाही! त्याचीच इच्छा होती ना तू जावंस?"

"होती." तेकबेरने मेंदीचे हात पदरात झाकले. "पण त्याला आई नाही, बहीण नाही. मी नाही बसले, तर त्याच्यासाठी बसणारं कोण आहे?"

बाहेर ट्रकचा भोंगा वाजला. लेहदियाने माझ्याकडे पाहिले. मी काहीतरी बोलावे, असे तिला वाटत असावे. तेकबेरने कपड्यांवरून गुंडाळलेले नवे, रंगीत वस्त्र सोडून ठेवले आणि शोकाचे पांढरे आईकडून मागून घेतले.

मी बाहेर जाऊन ड्रायव्हरला निघायला सांगितले. ट्रकमधल्या, क्यूबाला निघालेल्या मुली काही वेळ गात राहिल्या. मग कोणीतरी त्यांना सांगितले असावे.

इतका वेळ थोपवून धरलेली माणसे आता सांत्वनाला येऊ लागली. लेहदियाने चहाची किटली निखाऱ्यावर ठेवली. दुपारपर्यंत तंबूत बसायला जागा उरली नाही.